नान्नजच्या माळावर

शुक्रवार

लेकाला शाळेत प्रकल्पासाठी विषय मिळाला होता, ‘वाळवंटातील प्राणी’. त्यानं वहीत उंट चिकटवला, चिंकारा चिकटवला, आणि एका पानावर माळढोकाचं चित्र काढून खाली सुबक अक्षरात लिहिलं, ‘राहणार जैसलमेर’. ते वाचून मला राहवेना. माळढोक राजस्थानचा राज्यपक्षी आहे, तिकडे त्याला गोडावण म्हणतात, सगळं खरं. पण माझं आजोळ सोलापूरचं. तिथून वीसेक किलोमीटरवर नान्नजला या पक्ष्याच्या नावाचं अभयारण्य १९७९ सालापासून आहे आणि माझ्या मामांनी तो पक्षी डोळ्यांनी पाहिलेला आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक नसेल तर तो दोष माझाच.

त्याला जैसलमेरला जायचं होतं. मी नाताळच्या सुटीत सोलापूरची तिकिटं काढली.

संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस धरली. दौंडच्या आधीच अंधार पडला, त्यामुळे खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. लेकानं विचारलं, “पण आई, सोलापुरात वाळू कुठंय?” वाळू नाही. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस इथं पोचतो, तोही कधी येतो कधी नाही; जमीन मुरमाड, मातीचा थर बोटभर. अशा जागी जंगल वाढत नाही, गवत वाढतं. त्या गवतावर जे जगतं ते पाण्यावाचून तगायला शिकलेलं असतं, मग ते थरच्या वाळवंटात असो की नान्नजला. काळवीट, लांडगा, पखुर्डी, माळढोक ही मंडळी दोन्हीकडची. एवढं सांगेपर्यंत कुर्डुवाडी आली आणि तो माझ्या मांडीवर झोपला.

बाळीवेशीत मामांच्या घरी पोचलो तेव्हा मामी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन जाग्याच होत्या.

शनिवार

मामांचं वय अडुसष्ट. उभं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं, त्यामुळे ऐकायला जरा कमी येतं, पण नजर अजून धारदार. पहाटे पाचला ते कानटोपी घालून आमच्या आधी गाडीत बसले होते. “चला की ओ, सूर्य थांबतोय व्हय तुमच्यासाठी?”

बार्शी रस्त्याला लागलो. शहर संपलं तशी थंडी काचांतून आत यायला लागली. नान्नजला वनखात्याच्या चौकीवर नोंद केली, पैसे भरले आणि गावातलाच एक तरुण वाटाड्या सोबत घेतला. पंचविशीचा, अंगात जुनं स्वेटर, गळ्यात दुर्बीण. लेकाकडे बघून त्यानं पहिली गोष्ट विचारली ती ही, की हा लाल कोट काढता येईल का. मामांनी लगेच आपली खाकी शाल त्याच्या अंगावर टाकली. मग त्यानं चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठला ते पाहिलं आणि आम्हांला लांबच्या वळणानं नेलं.

माळ बघायची सवय नसलेल्या माणसाला पहाटेच्या उजेडात तिथं काहीच दिसत नाही. पिवळं गवत, मधूनच एखादी बोर, हिवर, तरवडाची झुडपं, आणि आभाळ. लेकाचा चेहरा पडलाच. वाटाड्या म्हणाला, “खाली बघ आधी.” गवताच्या प्रत्येक ठोंबावर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि त्यावर दव अडकलं होतं. गवतही एक नव्हतं. ही मारवेल, ही पवना, ही कुसळी, असं तो बोट लावून सांगत गेला. मारवेल जनावरं आवडीनं खातात, कुसळी कोवळी असेतोवरच. मामांना ही सगळी नावं येत होती. मला त्यांतलं एक येत होतं, तेही कुसळं पायाला टोचली म्हणून.

दगडमातीच्या लपणात शिरलो. बसायला आडवी फळी, समोर भिंतीत हातभर लांबीच्या फटी. “आता बोलायचं नाही,” वाटाड्या म्हणाला, “आन् हात बाहेर काढायचा नाही. जवळ आपण जायचं नसतं. त्यांनी यायचं असतं.”

पाऊण तास कुणीच आलं नाही. कानाला मात्र रीघ लागली. टिटवी ओरडून गेली. तित्तरांची तक्रार सुरू झाली, एक इकडून, दुसरा तिकडून. मुरारी चंडोल ढेकळावर बसून गात होता आणि डोंबारी चंडोल आभाळात चढून सुरकन खाली येत होता, पुन्हा चढत होता. डोंबाऱ्याच्या उड्यांवरून त्याचं हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं तो नीट पाहिला असणार.

मग उन्हाची तिरीप गवतावर आली आणि जिथं काही नव्हतं तिथं काळविटं उभी होती. ती चालत आली असं मला दिसलंच नाही. गवताच्याच रंगाच्या माद्या, त्यांना शिंगं नाहीत. मधेमधे तपकिरी, अर्धवट शिंगांचे तरुण नर. आणि सगळ्यांच्या मागे तो एक, पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी, पिळदार शिंगं पाठीवर टेकवून मान ताठ धरलेला. लेकानं बोटांवर मोजली. सतरा.

कळप चरत चरत आमच्याकडे सरकत होता. चाळीसेक पावलांवर आला तेव्हा गवत तुटल्याचा आवाज ऐकू यायला लागला. इतक्या जवळून मी हा प्राणी कधी पाहिला नव्हता. नराच्या डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात एक खाच दिसते, ती त्याची गंधग्रंथी. तो एका काडीवर ती हळुवार घासत होता, अगदी काडी डोळ्यात जाईल अशी भीती वाटावी इतकं नेमकं. मग तो ठरल्या जागी गेला आणि लेंड्या टाकल्या. तिथं आधीचा ढीग होताच. तो ढीग म्हणजे त्याची वेस. माद्या चरायला कुठूनही येवोत, त्या ढिगांच्या आत दुसरा काळा नर चालणार नाही.

आणि दुसरा आलाच. उजव्या बाजूच्या उंचवट्यावरून, नाक वर करून, पाय मोजून टाकत. आमच्यानं कान पाडले, शेपटी पाठीवर वळवली आणि त्याच ऐटीत त्याच्या समांतर चालू लागला. काही पावलं दोघे असे शेजारी शेजारी चालले, जणू बघायला आलेल्यांना आपापली उंची दाखवतायत. मग एकदम माना खाली आणि शिंगात शिंग. बांबू बांबूवर आपटावा तसा आवाज झाला. दोघांच्या खुरांखालून मुरूम उडत होता. मी लेकाकडे पाहिलं तर त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. अर्ध्या मिनिटात निकाल लागला. पाहुणा सुटून पळाला, आणि पळाला म्हणजे काय, चारच उड्यांत तो वाऱ्याची रेघ झाला.

काळवीट तासाला ऐंशी किलोमीटरच्या वेगानं धावू शकतं. आजच्या माळावर एवढ्या वेगाचं त्याला काम नाही, लांडगा काही इतका वेगवान नसतो. हा वेग चित्त्यासाठी होता. दख्खनच्या माळांवर चित्ता होता. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांच्या शिकारीवर सोडत, आणि ते सांभाळणाऱ्यांचं चित्तेवान हे आडनाव कोल्हापुरात अजून आहे. आपल्या देशातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. काळवीट मात्र अजून त्याच्यासाठीच पळतं आहे. लेकाला हे मी नंतर सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

आठ वाजून गेल्यावर वाटाड्यानं आम्हांला वनखात्याच्या पाणवठ्याकडे तोंड असलेल्या दुसऱ्या लपणात नेलं. इथं पखुर्ड्या येतात. कबुतराएवढा मातकट पक्षी, दिवसभर कोरडं बी खातो, म्हणून पाण्याला यावंच लागतं, आणि येतो तो ठरल्या वेळी, थव्यानं. आधी आभाळातून घोगरी हाक ऐकू आली. मग वीसेक पक्षी गोल फिरून पाण्यापासून लांबच उतरले आणि उतरल्याबरोबर दिसेनासे झाले. मुरमावर बसलेली पखुर्डी आणि मुरूम यांत फरक करणं मला जमलं नाही, दुर्बिणीतूनही नाही. एकेक करून ती पाण्याशी आली, घाईनं आठदहा घोट घेतले आणि उडाली.

या पक्ष्याची मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट त्या दिवशी दिसली नाही, पिलांचे दिवस असले तरच दिसते. नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटावरच्या पिसांची घडणच अशी, की स्पंजासारखं पाणी धरतात. भिजलेल्या पोटानं तो कैक किलोमीटर उडत पिलांकडे जातो, उभा राहतो, आणि पिलं त्याच्या पिसांतून पाणी चोखून पितात. पखालीच्या पाण्यावर वाढलेली माणसं आपल्याकडे होती. मामांनी मान हलवली. “आमच्या आईनं बी घागर घेऊन लई चालून काढलं बग.”

लपणातून बाहेर पडल्यावर लेकानं तो प्रश्न विचारला ज्यासाठी आम्ही आलो होतो. “माळढोक कुठंय?”

वाटाड्यानं खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. म्हणाला, एखादी मादी वर्षात कधीतरी दिसते. दिसली की सगळ्या कचेरीत फोन जातात. या वर्षी त्याला स्वतःला दिसलेली नाही.

मग मामा बोलायला लागले. ते ऐकायलाच खरं म्हणजे मी लेकाला आणलं होतं. १९८० च्या आसपासची गोष्ट. गिरणीला सुटी होती, आणि मामा नि त्यांचा दोस्त सायकलवरून वडाळ्याकडे एका लग्नाला निघाले होते. “नान्नजच्या पुढं माळात एक माणूस उभा. मान ताठ, पांढरा गळा, डोईवर काळी टोपी. म्या हाळी दिली, ओ पावणं, वडाळ्याला हीच वाट का? पावणं काय बोलंना. आन् मग पावण्यानं पंख उघडलं!” मामा हात पसरून उभे राहिले. “उडताना जड वाटत व्हतं बग, पन उडालं. सायकल टाकून आमी दोघं बघत ऱ्हायलो. लग्न लागून गेलतं आमी जाईतो.”

त्यांनी सांगितलं ते अतिशयोक्त नाही. माळढोक उभा राहिला की मीटरभर उंच भरतो, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. नराच्या डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. विणीच्या काळात तो गळ्याची पिशवी फुगवून उभा राहतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरून जुने लोक त्याला हूम म्हणायचे. मामांनी तोंडापुढे ओंजळ धरून तो आवाज काढून दाखवला. “हूं...म.” माळावर तो जरा वेळ राहिला.

संपला कसा, हे लेकाला एका वाक्यात सांगता येईना. शिकार झाली. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, खळगासुद्धा धड नाही. ते कुत्र्यानं खाल्लं, गुराच्या पायाखाली आलं, की वर्ष गेलं. कुरणं नांगरली गेली. हिरवाई म्हणून माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली, आणि चारी बाजूंनी लांबवर दिसल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्या पक्ष्याला झाडांनी हुसकावलं. विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरचं, तेही खाली मान घालून जमीन बघत उडताना, त्याला नीट दिसत नाही, आणि एवढं जड अंग शेवटच्या क्षणी वळवता येत नाही. आज हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे, आणि त्यातले जवळजवळ सगळे राजस्थानात. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून रानातली अंडी आणून यंत्रात उबवतात, पिलं हातानं वाढवतात. म्हणजे वहीतलं ‘राहणार जैसलमेर’ आता जवळपास खरं झालेलं आहे. ते खोटं ठरवायला आले होते मी.

दुपारी वाटाड्याच्या चुलत्यांच्या रानात हुरडा होता. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, आणि काकू हातावर चोळून गरम दाणे आमच्यापुढे टाकत होत्या. लसणीची चटणी, शेंगदाणे, गूळ. लेकानं किती खाल्लं ते मी मोजलं नाही. चुलते मात्र मोकळेपणानं बोलले, आणि ते ऐकल्याशिवाय माळाची गोष्ट पुरी होत नाही. बांधापलीकडच्या हरभऱ्यात काळविटं रात्री शिरतात. सकाळी उठून बघावं तर शेंडे साफ. भरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा, हेलपाटे. दोन एकरवाल्याला ते परवडत नाही. आणि त्याहून जुनी सल वेगळीच. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके, गावं, पेठा त्यात आल्या. जमिनीच्या व्यवहारात, कामधंद्याच्या परवानग्यांत वर्षानुवर्षं अडचणी. “पाखरू दिसलं तर कुणाला सांगू नका, असं म्हनायची पाळी आल्ती,” चुलते म्हणाले. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं तेव्हा लोकांनी सुस्कारा सोडला, पण तोवर बरीच वर्षं पक्षी आणि माणूस एकमेकांच्या विरोधात उभे केले गेले होते. ज्यांच्या रानालगत हा पक्षी अंडं घालतो त्यांनाच त्याच्यावर राग धरायला लावणं, यासारखी दुसरी चूक नाही, असं मला वाटतं.

तरीही जाताना चुलत्यांनी लेकाला बांधावर नेऊन काळविटाची ताजी खुरं दाखवली. “ही माय, आन् ही बारकी. पाडस हाय.” आवाजात राग नव्हता.

तीनच्या सुमाराला पुन्हा माळावर गेलो आणि जे दिसलं ते लिहायला हात जड होतो. एक मोठी गाडी वाट सोडून गवतातून धावत होती. छतातून दोघे कॅमेरे काढून उभे, आणि पुढं काळविटांचा कळप जिवाच्या आकांतानं पळतोय. पळत्या कळपाचे फोटो छान येतात, म्हणून. वाटाड्या दोन्ही हात वर करून ओरडत त्यांच्या दिशेनं पळत सुटला. मामाही त्याच्या मागे. गाडी थांबली, काही शब्द झाले, ती वाटेवर आली आणि निघून गेली. तेवढ्यात कळपामागे गावची तीन कुत्री लागली होती. एक पाडस मागं पडलं. वाटाड्यानं दगड मारून कुत्री फिरवली, पाडस गवतात दिसेनासं झालं. वाचलं असेल असं मी लेकाला सांगितलं. त्यानं विचारलं, “तुला दिसलं का?” दिसलं नव्हतं.

गवतात चाकांच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. अशाच गवतात टिटवी अंडी घालते, धाविक घालतो. कागदावर अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलं की तिच्यावरून काहीही न्यायला माणूस मोकळा. मामांनी तो शब्द कधी वापरलेला मला आठवत नाही. ते माळ म्हणतात, रान म्हणतात, गायरान म्हणतात.

संध्याकाळी एका धनगराच्या वाड्यावर गेलो. वाघर लावून झाली होती, मेंढरं आत शिरत होती, कोकरं आपापल्या आया शोधत ओरडत होती. बाईनं बिनदुधाचा गुळाचा चहा दिला. वाटाड्यानं लांडग्याचं विचारलं तसा म्हातारा धनगर ओढ्याकडं हात करून म्हणाला, “हाय की. जोडी हाय. पिलं घातल्यात म्हनं.”

लेक उडालाच. पिलं! बघू या ना! वाटाड्यानं त्याच्यासमोर उकिडवं बसून सांगितलं, “बिळापाशी आपण गेलो ना, तर ती रातोरात पिलं तोंडात धरून दुसरीकडं नेती. थंडीत. एखादं राहतं मागं. मीपण नाही जात.” लेकाचा चेहरा आधी हिरमुसला, मग त्यानं मान डोलावली.

म्हाताऱ्याला मी विचारलं, लांडगा मेंढरू नेतो, राग येत नाही? तो म्हणाला, येतो की. चांगलं मेंढरू गेलं तर जेवन जात न्हाई. नुकसानीचे पैसे मागता येतात, पण पंचनाम्याला थांबायचं तर खिल्लार पुढं कोण नेणार? “पन आमी बी त्येच्याच माळावर बसलोय नव्हं. त्येचाबी वाटा असतोय.” हे त्यानं मोठेपणा म्हणून नाही सांगितलं. वारा कुठला आहे हे सांगावं तसं सांगितलं. त्याला खरी काळजी मोकाट कुत्र्यांची होती. उकिरड्यावर वाढलेली कुत्री टोळीनं माळावर येतात, मेंढरं फाडतात, आणि नाव लांडग्याचं होतं. शिवाय कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात, आणि पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत आढळलं आहे. असंच होत राहिलं तर लांडगा गोळीनं नव्हे, रक्तात विरघळून जाईल.

आम्ही वाड्याच्या कडेला बसून होतो. सूर्य टेकला. मेंढ्यांच्या पायांची धूळ उन्हात तांबडी होऊन उभी होती. म्हाताऱ्याचा कुत्रा एकदम उठला, पण भुंकला नाही. ओढ्याच्या काठावर, शंभरएक पावलांवर, लांडगा उभा होता.

तो लहानखुरा होता. गोष्टींतल्या चित्रांत असतो तसा केसाळ, आडदांड नाही. उंच पाय, अरुंद छाती, करडा-तपकिरी, पाठीवर काळसर केस, आणि डोळे पिवळट. दुर्बिणीतून त्याचे डोळे नेमके आमच्यावर रोखलेले दिसले. तो आम्हांला बघत होता आणि आम्ही त्याला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग त्यानं तोंड वळवलं, घाई न करता ओढ्यात उतरला. मागून, थोड्या अंतरानं, दुसरी उतरली. तिचं पोट ओघळलेलं होतं, दूध पाजणाऱ्या आईचं असतं तसं.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. शहराचे दिवे दिसायला लागले, होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेसाठी पाळण्यांचे खांब येऊन पडले होते.

रविवार

गाडी दुपारची होती. पहाटे मामा म्हणाले, अजून दोन तास हाईत, चला. मामींनी कपाळावर हात मारला आणि धपाटे बांधून दिले.

आज भोवत्यांसाठी गेलो. हा शिकारी पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. दिवसभर गवतावरून हातभर उंचीनं, पंख इंग्रजी व्ही आकारात धरून घिरट्या घालतो, नाकतोडे, उंदीर, लहान पाखरं टिपतो. आणि एवढा मोठा पक्षी रात्री झाडावर बसत नाही, जमिनीवर, गवतात निजतो. म्हणूनच गवत गेलं की तोही गेला.

उजाडायच्या आत आम्ही वाटेवर गाडी बंद करून बसलो. समोर गुडघाभर गवत, धुकं. मग त्यातून एक वर आला. राखाडी, जवळजवळ पांढरा नर. मग एक तपकिरी मादी. मग तिकडे एक. गवतच पक्षी सोडत असल्यासारखं दिसत होतं. लेक पुटपुटत मोजत होता, अकराला त्याची गल्लत झाली आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामा काच खाली करून थंडीत तोंड बाहेर काढून बसले होते. त्यांना आवाज ऐकू येत नव्हते, पण ते एकटक जमिनीलगत बघत होते, मोठ्या पक्ष्याची मान कुठं वर येते का ते.

आली नाही.

सिद्धेश्वराच्या तळ्याला वळसा घालून घरी आलो, शेंगा चटणी आणि पोळ्यांचा डबा घेतला आणि स्टेशन गाठलं.

गाडी सुटल्यावर लेकानं मोजे काढले. दोन्ही कुसळांनी भरलेले. मी म्हटलं, टाकून दे बाहेर. तो म्हणाला, थांब. वाटाड्यानं त्याला काल काहीतरी सांगितलं होतं, माझ्या नकळत. त्यानं एक कुसळ सरळ करून खिडकीच्या कडेवर ठेवलं. खाली अणकुचीदार बी, वर पीळ भरलेली लांब शेपटी. पाण्याच्या बाटलीतून एक थेंब त्यावर सोडला.

काही झालं नाही. मग शेपटी हलली. पीळ हळूहळू उलगडू लागला, आणि बी गोल फिरायला लागलं, गिरमिटासारखं, टोक पत्र्यावर टेकवून, मातीत शिरायला जागा शोधत. पावसाचा पहिला थेंब पडला की माळावर हेच होतं, लाखो बिया एकदम फिरू लागतात. पलीकडच्या सीटवरची आजीबाई चष्मा सावरून वाकली. “काय रे बाळा, जिवंत हाय का ते?”

“हो,” तो म्हणाला, आणि दुसरं कुसळ काढलं.